भावाला लागणाऱ्या पेशी माझ्या रक्तात होत्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही सेल थेरपीवर अख्खं पान दिलंत त्याबद्दल आधी मनापासून आभार. कार-टी थेरपी म्हणजे पेशंटच्या टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पांढऱ्या पेशी) बाहेर काढून, त्यांत नवीन जीन घालून कॅन्सरवर सोडायच्या, हे लेखात छान समजावलंय, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून नेक्सकार१९ हे आपलं कार-टी औषध तयार केलं, ऑक्टोबर २०२३ मधे त्याला परवानगी मिळाली, परदेशात तीन-चार कोटींना पडणारी ट्रीटमेंट आपल्याकडे साधारण त्याच्या दहाव्या हिश्शात मिळायला लागली, हे वाचून खरंच ऊर भरून आला. पण पान उलटताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. तो लेख वाचणाऱ्याला वाटेल की सेल थेरपी म्हणजे फक्त कॅन्सर. व्हायरसच्या इन्फेक्शनवर पेशंटला टी पेशी देऊन उपचार करायचं काम तर त्याच्याही आधीपासून, तीस वर्षांहून जास्त काळ चालू आहे आणि त्यातलं एक अक्षर त्या पानावर नव्हतं. माझ्या घरात हा प्रश्न येऊन गेलाय म्हणून हे पत्र. लांबलंय, पण जागा असेल तर पूर्ण छापा ही विनंती.

मी धनकवडीत मेडिकल चालवते, डी.फार्म आहे, काउंटरवर २२ वर्षं झाली. माझ्या धाकट्या भावाला ब्लड कॅन्सर झाला, एएमएल. किमोनंतर डॉक्टर म्हणाले बोन मॅरो ट्रान्सप्लांट करावा लागेल. आम्ही दोघंच भावंडं. माझा मॅच अर्धाच निघाला पण हल्ली अर्ध्या मॅचवरही करतात, म्हणून डोनर मीच. पाच दिवस इंजेक्शनं घेतली, कंबर आणि मांड्यांची हाडं आतून ठणकायची, मग एक दिवस साडेचार तास मशीनला जोडून बसवलं, एका हातातून रक्त बाहेर, दुसऱ्या हातातून परत आत. शेवटी सिस्टरने पिशवी दाखवली, गाजराच्या सूपसारखा रंग, हाताला कोमट. संध्याकाळी तीच पिशवी भावाच्या स्टँडला लटकत होती. मी काचेच्या बाहेरून बघत होते आणि मनात म्हटलं, झालं आता, सुटलो.

सुटलो नव्हतो. चौतिसाव्या दिवशी सीएमव्हीचा पीसीआर पॉझिटिव्ह आला.

सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस. आपल्याकडे मोठ्या माणसांपैकी जवळजवळ सगळ्यांच्या अंगात तो असतोच, लहानपणी कधीतरी येऊन जातो, साधा ताप वाटतो, आणि मग आयुष्यभर आत गप्प पडून राहतो. तो गप्प का राहतो तर आपल्या टी पेशी त्याच्यावर चोवीस तास पहारा देत असतात म्हणून. ट्रान्सप्लांटच्या आधी जोरदार किमो देऊन पेशंटची सगळी जुनी प्रतिकारशक्ती पुसून टाकतात, डोनरच्या पेशी रुजून नवीन पहारेकरी तयार व्हायला कित्येक महिने जातात, आणि मधल्या काळात घर उघडंच. सीएमव्ही उठतो, ईबीव्ही (एपस्टीन-बार व्हायरस) उठतो, लघवीच्या मार्गात बीके व्हायरस उठतो, लहान मुलांमधे अ‍ॅडिनोव्हायरस. कॅन्सरवर मात केलेला माणूस अशा व्हायरसने जातो जो तुमच्या माझ्या अंगात आत्ता हे पत्र वाचताना पण झोपलेला आहे.

औषधं आहेत, मी स्वतः औषधं विकते, मला त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. पण भावाला गॅनसायक्लोव्हिर सुरू केलं तर नुकत्याच वर यायला लागलेल्या पांढऱ्या पेशी परत खाली गेल्या, कारण ते औषध बोन मॅरोवरच बसतं, म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला त्याच्यावरच. मग ते बंद करून फॉस्कारनेट. ते पुण्यात लगेच मिळालं नाही, मुंबईहून मागवलं, आणि ते किडनीवर जातं म्हणून पंपावर सावकाश सोडायचं, आधी सलाईन भरायचं, रोज कॅल्शियम बघायचं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, ताई ओठाला मुंग्या येतायत, पेपरमिंट खाल्ल्यासारखं वाटतंय. कॅल्शियम उतरलं होतं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती बिघडली ते सांगणारा आकडा, ०.८ वरून ३.१ ला गेलं.

त्याच सुमाराला एका संध्याकाळी डॉक्टर राउंड संपवून बाहेर आले, माझ्या हातात डबा होता, आणि ते अगदी सहज म्हणाले, ताई, याला खरं तर औषधापेक्षा तुमच्या टी पेशी हव्यात. बाहेरच्या देशात डोनरच्या रक्तातून या व्हायरसला ओळखणाऱ्या पेशी तेवढ्या वेगळ्या करतात, वाढवतात आणि पेशंटला देतात. आपल्याकडे आत्ता ती सोय नाही.

ते पुढच्या पेशंटकडे गेले. मी तिथेच उभी. डोनर म्हणून माझ्या ज्या टेस्ट झाल्या त्यात सीएमव्हीची आयजीजी पॉझिटिव्ह (म्हणजे हा व्हायरस माझ्या अंगात आधी येऊन गेलाय) आलेली मला माहीत होती, म्हणजे भावाला जे हवंय ते माझ्या हाताच्या शिरेत वाहतंय, तो आठ फुटांवर काचेच्या पलीकडे आहे, आणि मधे फक्त एक लॅब कमी आहे. ही गोष्ट मला अजून झोपू देत नाही. इथे कोणाची चूक झाली असं मी म्हणत नाही, तिथल्या डॉक्टरांनी आणि सिस्टर लोकांनी जीव तोडून केलं. सोयच नव्हती.

नंतर मी वाचत सुटले. रात्री दुकान बंद केल्यावर, मोबाईलवर, डिक्शनरी शेजारी घेऊन. आणि त्यात जे नाव परत परत यायचं ते हेलन हेस्लॉप. मूळच्या न्यूझीलंडच्या, तिथेच डॉक्टर झाल्या, पुढे अमेरिकेत मेम्फिसच्या सेंट ज्यूड या मुलांच्या हॉस्पिटलमधे आणि मग ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधे. त्यांच्याबरोबर क्लिओना रूनी आणि माल्कम ब्रेनर. या लोकांचं काम मराठी पेपरात कधी वाचल्याचं मला आठवत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सुरुवात एकट्या त्यांनी केली असं नाही. १९९२ मधे सिएटलमधे स्टॅनली रिडेल आणि फिलिप ग्रीनबर्ग यांनी सीएमव्हीला ओळखणाऱ्या टी पेशी डोनरच्या रक्तातून काढून, लॅबमधे वाढवून बोन मॅरोच्या पेशंटना दिल्या होत्या. १९९४ मधे न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधे ईबीव्हीमुळे कॅन्सरसारख्या गाठी झालेल्या पाच पेशंटना डोनरच्या पांढऱ्या पेशी तशाच, न निवडता दिल्या. गाठी विरघळल्या. पण न निवडता देण्यात मोठा धोका असतो, कारण डोनरच्या रक्तात व्हायरसला मारणाऱ्या पेशी जशा असतात तशा पेशंटच्या शरीरालाच परकं समजून मारणाऱ्या पण असतात, मग कातडी, आतडी, लिव्हर सगळ्यावर हल्ला. त्याला जीव्हीएचडी म्हणतात आणि बीएमटी (बोन मॅरो ट्रान्सप्लांट) वॉर्डात हा शब्द सगळे हळू आवाजात बोलतात.

रूनी, हेस्लॉप आणि मंडळींनी काय केलं तर आपण तांदूळ निवडतो तसं निवडायचं ठरवलं. डोनरचं रक्त घ्यायचं, त्याच्या टी पेशींना लॅबमधे ईबीव्हीचा चेहरा पुन्हा पुन्हा दाखवायचा, ज्या पेशी तो चेहरा ओळखतात त्या चवताळून वाढतात, बाकीच्या आपोआप मागे पडतात, काही आठवड्यांनी हातात जवळपास फक्त कामाच्या पेशी उरतात. १९९५ मधे त्यांनी दहा पेशंटचा अनुभव लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी त्या पेशींना एक जीन जोडून खूण केली होती, आपण लग्नाघरी आपल्या भांड्यावर नाव घालून ठेवतो ना तसं, म्हणजे नंतर पेशंटच्या रक्तात या पेशी सापडल्या तर त्या आपणच दिलेल्या हे नक्की कळावं. नुसतं पेशंट बरा झाला म्हणून टाळ्या वाजवल्या नाहीत, आपल्या पेशी पुढे कुठे गेल्या, किती टिकल्या हे वर्षानुवर्षं बघत बसले. २०१० मधे त्यांनी ११४ पेशंटचा हिशोब मांडला. त्यातल्या १०१ जणांना आधीच खबरदारी म्हणून पेशी दिल्या होत्या, त्यांच्यापैकी एकालाही ईबीव्हीच्या गाठी झाल्या नाहीत. १३ जणांना आजार झाल्यावर दिल्या, त्यातले ११ पूर्ण बरे झाले आणि बरे राहिले. आणि खूण केलेल्या पेशी काही जणांच्या अंगात नऊ वर्षांपर्यंत सापडल्या. नऊ वर्षं! औषधाची बाटली संपली की औषध संपतं, ही गोष्ट रक्तात मुक्काम करते आणि व्हायरस परत उठला तर स्वतः वाढून परत लढते. २२ वर्षं गोळ्या मोजणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटलं ते शब्दात सांगता येत नाही.

अडचण वेळेची होती. जुन्या पद्धतीने पेशी तयार व्हायला दोन-तीन महिने लागायचे आणि बीएमटीच्या पेशंटकडे दोन-तीन महिने नसतात. मग पद्धत बदलली, अख्खा व्हायरस वापरण्याऐवजी त्याच्या प्रोटीनचे छोटे छोटे तुकडे वापरून दहा-बारा दिवसात पेशी तयार व्हायला लागल्या. दुसरी एक पद्धत आहे, त्यात पेशी वाढवायच्याच नाहीत, डोनरच्या रक्तातून चुंबकाने उचलून एका दिवसात वेगळ्या करायच्या. आणि तिसरी कल्पना म्हणजे बँक. निरोगी माणसांच्या रक्तातून या पेशी आधीच तयार करून गोठवून ठेवायच्या आणि पेशंट आला की त्याच्याशी थोडाफार एचएलए (पेशींवरची ओळखखूण, मॅच त्यावरूनच ठरतो) जुळणारी कुपी काढून द्यायची, ब्लड बँकेतून पिशवी आणतो तसं. स्वतःचा डोनर लांब असो, आजारी असो, काही फरक पडत नाही. बेलरच्या अ‍ॅन लीन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मधे अशा बँकेचा अनुभव छापला, बँकेत फक्त ३२ डोनर लाइन, औषधांना दाद न देणारे ५० पेशंट, आणि सहा आठवड्यात ७४ टक्के पेशंटना पूर्ण किंवा बराचसा फायदा. नव्याने जीव्हीएचडी झालेले फक्त दोन. मी त्या ३२ आकड्यावर किती वेळ थांबले होते सांगू. ३२ माणसं म्हणजे आमच्या सोसायटीच्या एका विंगमधे राहतात तेवढी.

आता जे जमलं नाही ते पण लिहायलाच हवं, नाहीतर हे पत्र म्हणजे जाहिरात होईल. अशाच बँकेतल्या, एकाच वेळी अनेक व्हायरसवर चालणाऱ्या पेशींचं पोसोल्युसेल नावाचं एक प्रॉडक्ट होतं, त्याच्या तिसऱ्या टप्प्याच्या तीन मोठ्या ट्रायल डिसेंबर २०२३ मधे थांबवाव्या लागल्या, कारण चालू ठेवून फायदा सिद्ध होईल असं दिसेना. सुरुवातीचे आकडे कितीही गोड असले तरी मोठ्या ट्रायलमधे असं होतं. पेशंटला स्टिरॉइडचा मोठा डोस चालू असेल तर या पेशी नीट कामच करू शकत नाहीत. दुसऱ्या बाजूला टॅबेलेक्ल्युसेल, म्हणजे ईबीव्हीवरच्या बँकेतल्याच टी पेशी, त्यांना युरोपमधे डिसेंबर २०२२ मधे परवानगी मिळाली, दुसऱ्या माणसाच्या, बँकेत आधीच तयार ठेवलेल्या टी पेशी औषध म्हणून मंजूर होण्याची ती पहिलीच वेळ. त्या ट्रायलमधे आधीचे उपचार फेल गेलेले ४३ पेशंट होते आणि त्यातल्या २२ जणांना गुण आला. निम्मे. बाहेरून निम्मे म्हणजे कमी वाटतं, काचेच्या या बाजूला उभं राहून बघितलं तर तसं वाटत नाही.

आता माझा खरा मुद्दा. हे पुण्यात का होऊ नये?

मी हे प्रेमापोटी विचारतेय, टोमणा म्हणून नाही. १९५२ पासून या गावात व्हायरसवर काम चालू आहे, तेव्हाचं व्हायरस रिसर्च सेंटर म्हणजे आजची एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था), क्यासनूरच्या जंगलातल्या माकडतापाचा व्हायरस १९५७ मधे यांनीच शोधला, २०२० मधे देशात कोरोनाचा व्हायरस पहिल्यांदा वेगळा करून वाढवला तो पण इथेच. विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, देशभरातल्या लॅबना संशोधनासाठी पेशी तिथून जातात, म्हणजे पेशी गोठवून, जपून, हिशोब ठेवून पाठवायची सवय या गावाला आहे. भोसरीला आयसीएमआरची एड्स संशोधन संस्था आहे, तिथे तर टी पेशी हाच रोजचा विषय. सिरमसारखी कंपनी १९६६ पासून इथे आहे त्यामुळे क्लीन रूममधे काम केलेली, बॅच रेकॉर्ड भरलेली माणसं हडपसर-मांजरीच्या घराघरात आहेत. बीएमटी करणारी हॉस्पिटलं आहेत, मोठ्या ब्लड बँका आहेत, आणि रक्त द्यायला उत्साहाने रांगेत उभे राहणारे गणेश मंडळांचे कार्यकर्ते तर विचारूच नका. सगळं सामान घरात आहे, फक्त एका ताटात वाढलेलं नाही.

आणि या थेरपीत एक सोपेपणा आहे जो तुमच्या लेखातल्या कार-टीत नाही. कार-टीमधे पेशीत नवीन जीन घालावं लागतं, त्यासाठी ते जीन आत नेणारा वेगळा व्हायरल व्हेक्टर लागतो, खर्चाचा मोठा भाग तिथे जातो. इथे पेशी निसर्गानेच शिकवून ठेवलेल्या आहेत, आपण फक्त निवडायच्या आणि वाढवायच्या. सोपं म्हणजे स्वस्त असं नाही, क्लीन रूम लागते, प्रत्येक बॅचची तपासणी लागते, २०१९ च्या नवीन औषध आणि क्लिनिकल ट्रायल नियमांप्रमाणे परवानग्या लागतात आणि त्या लागायलाच हव्यात, घाईघाईत कोणी पेशी टोचायला लागलं तर मीच पहिली विरोध करीन. स्टेम सेलच्या नावाखाली लोकांना लुबाडणारी दुकानं आपण पाहिली आहेत. पण टाटा आणि आयआयटीने करून दाखवल्यावर हे आपल्याला जमणार नाही असं आता कोणी म्हणू शकत नाही.

बँक आपलीच का हवी, तर एचएलएमुळे. ह्यूस्टनच्या बँकेतली कुपी ह्यूस्टनच्या लोकांशी जास्त जुळते. मंचर, बारामती, साताऱ्याहून इथे येणाऱ्या पेशंटशी जुळणारी कुपी इथल्याच लोकांच्या रक्तातून बनणार. शिवाय सीएमव्हीच्या पेशी असलेला डोनर आपल्याला शोधायला पण लागत नाही, रस्त्यावर जो भेटेल तो.

भाऊ वाचला. चौथ्या महिन्यात माझ्याच पेशी त्याच्या अंगात आपणहून शहाण्या झाल्या आणि पीसीआर निगेटिव्ह आला. पण क्रिएटिनिन १.९ वर येऊन थांबलं ते थांबलंच, त्याला आता मोजून-मापून जेवावं लागतं आणि बऱ्याच गोळ्या मी काउंटरवरूनच त्याला नाही म्हणते. शेजारच्या रूममधे ७ वर्षांचा एक मुलगा होता, नगर जिल्ह्यातला, त्याला अ‍ॅडिनोव्हायरस झाला होता. त्याची आई आणि मी एकाच बाकावर डबा खायचो. ती मला रोज विचारायची, तुमच्या भावाचा आकडा किती आला आज? व्हायरसचा आकडा. त्या बाकावर बसणाऱ्या सगळ्यांना ती एकच भाषा येते. तिच्या मुलाचा आकडा खाली आला नाही.

तुमच्याकडे माझी एवढीच विनंती आहे की एखाद्या बातमीदाराला या विषयावर पाठवा. एनआयव्हीला विचारा, एनसीसीएसला विचारा, बीएमटी करणाऱ्या डॉक्टरांना विचारा की वर्षाला किती पेशंटना याची गरज पडते, एकत्र बसायला काय अडतंय, पैसा अडतोय का जागा का परवानगी. पेपरात प्रश्न छापून आला की उत्तर द्यायला लोक बसतात हे आपण पुण्यात पुष्कळदा बघितलंय. आणि वाचकांपैकी कोणी या क्षेत्रात असेल तर त्यांनी पण लिहावं, मी चुकीचं काही लिहिलं असेल तर दुरुस्त करावं.

माझं वय ४६, वजन ६१ किलो, हिमोग्लोबिन १२.८, सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह, एचएलएचा रिपोर्ट भावाच्या फाइलमधे तयार आहे. पुण्यात अशी बँक कोणी सुरू करणार असेल तर डोनरच्या वहीत पहिलं नाव माझं लिहा, मशीनवर साडेचार तास कसं बसायचं ते मला येतं.

आपली नम्र,
एक वाचक, धनकवडी, पुणे